नियामक भांडवल व हानिशोषक कर्ज

बँकेच्या व्यवहारांत उद्‌भवणारी हानी ठेवीदारांच्या पदरी न पडता प्रथम भागधारकांनी व तदनंतर ठराविक धनकोंनी सोसावी, या हेतूने बँकेस बाळगावयास लावलेला निधी. बाझल येथील आंतरराष्ट्रीय समितीने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बाझल ३’ मानकांनुसार जोखीमभारित मालमत्तेच्या किमान ४.५ टक्के सामान्य भागभांडवल, ६ टक्के प्रथम श्रेणीचे व ८ टक्के एकूण भांडवल आवश्यक असून, त्यावर २.५ टक्के संरक्षक निधीची भर पडते. प्रथम श्रेणीतील बेमुदत रोखे संकटसमयी निर्लेखित होतात अथवा त्यांचे भागांत रूपांतर होते. द्वितीय श्रेणीत किमान पाच वर्षे मुदतीची दुय्यम कर्जे मोडतात.

२००८ च्या अरिष्टात मोठ्या बँका सरकारी खजिन्यातून सावराव्या लागल्याने, वित्तीय स्थैर्य मंडळाने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाच्या बँकांसाठी हानिशोषक साधनांचे एकूण किमान प्रमाण २०१९ पासून १६ टक्के व २०२२ पासून १८ टक्के ठरविले.

प्रथम श्रेणीतील बेमुदत रोख्यांची कसोटी भारतात मार्च २०२० मध्ये लागली : येस बँकेच्या पुनर्रचनेत ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे निर्लेखित झाले, तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द ठरविला. मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस बँकेचे सुमारे १,६०० कोटी फ्रँकचे रोखे शून्यवत करण्यात आले, मात्र भागधारकांना सुमारे ३०० कोटी फ्रँकचा मोबदला मिळाला; त्यामुळे हानिवाटपाचा रूढ क्रम उलटल्याची तक्रार करीत रोखेधारकांनी न्यायालयात दाद मागितली.