सोन्यातून आलेला गुलाबी रंग : पेकिंगची तपकीर-कुपी आणि बनारसी मीना

चिनी काचेच्या जुन्या तपकीर-कुप्या आणि बनारसचे गुलाबी मीनाकाम हे संग्राहकांच्या दृष्टीने दोन वेगळे प्रांत असले, तरी तंत्राच्या इतिहासात ते एका ठिकाणी एकत्र येतात, आणि ते ठिकाण म्हणजे सोन्यापासून मिळणारा गुलाबी रंग होय.

तंबाखू पोर्तुगीजांच्या जहाजांतून आशियात आली. अकबराच्या अखेरच्या वर्षांत असद बेगने ती विजापुराहून मुघल दरबारात नेली, तर चीनच्या दरबारात तिचे तपकिरीचे रूप जेझुइट धर्मोपदेशकांनी रूढ केले. १६८४ मध्ये नानजिंग येथे त्यांनी पुढे केलेल्या भेटींपैकी कांग्शी सम्राटाने केवळ तपकीर ठेवून घेतली, असे सांगितले जाते. युरोपात आणि महाराष्ट्रातही तपकीर डबीत राहिली, परंतु चिन्यांनी तिच्यासाठी अरुंद तोंडाची, घट्ट बुचाची आणि बुचालाच इवला चमचा जोडलेली कुपी पसंत केली, कारण दमट हवेत उघड्या डबीतली तपकीर लवकर बिघडते.

या कुप्यांना राजाश्रय मिळाला तो १६९६ मध्ये, जेव्हा कांग्शीने किलियन श्टुम्फ या जर्मन जेझुइटाच्या देखरेखीखाली पेकिंगमध्ये राजवाड्यासाठी काचेचा कारखाना उभारला. तिथल्या आरंभीच्या काचेत क्षाराचे प्रमाण चुकल्यामुळे कालांतराने आतून बारीक भेगांचे जाळे पसरते आणि काच धुरकट दिसते. जाणकार या दोषालाच जुनेपणाची एक खूण मानतात. तळाशी कोरलेल्या राजमुद्रेवर मात्र ते सहसा विसंबत नाहीत, कारण पूर्वीच्या सम्राटांच्या मुद्रा पुढच्या काळातही सर्रास कोरल्या जात. कुपी आतून किती पोखरली आहे, तोंडाच्या कडेची झीज हाताळणीने झालेली वाटते की मुद्दाम घासलेली, साच्याचा सांधा दिसतो का, हे पाहिल्याशिवाय नुसत्या मुद्रेला किंमत नाही.

सर्वांत अवघड कुप्या काचेवर मीना चढवलेल्या. मीना म्हणजे धातूंच्या भस्मांनी रंगवलेली काचेची पूड, जी पृष्ठावर लावून भट्टीत वितळवतात. परंतु खालचे अंगच काचेचे असेल, तर मीना वितळण्याचे आणि कुपी मऊ पडण्याचे तापमान जवळजवळ येते, आणि भट्टी थोडी जास्त तापली की कुपीचा आकारच जातो. यातील गुलाबी रंग युरोपीय रसायनविद्येतून आला. सोने अम्लराजात विरघळवून त्यात कथिलाचा क्षार घातला की सोन्याचे अतिसूक्ष्म कण जांभळ्या गाळाच्या रूपाने खाली बसतात, आणि तोच गाळ काचेत मिसळला की माणकापासून फिक्या गुलाबापर्यंतच्या छटा मिळतात. १७२० च्या दशकात हा रंग पेकिंगच्या राजकारखान्यांत स्थिरावला होता.

बनारसच्या मीनाकारांची परंपरा मात्र आपले मूळ इराणी कारागिरांकडे नेते, आणि रंग सारखा दिसला म्हणून पेकिंगचा थेट वारसा बनारसला जोडणे घाईचे ठरेल. तरीही हे काम जयपूरच्या मीनाकामापासून ज्या बाबतीत वेगळे पडते, ती बाब चिनी चित्रित मीन्याच्या जवळची आहे. जयपुरात धातूत खाच कोरून तिच्यात रंग भरतात. बनारसमध्ये आधी पांढऱ्या मीन्याची जमीन भाजून घेतात आणि तिच्यावर चंदनाच्या तेलात खललेला गुलाबी रंग बारीक कुंचल्याने, पाकळीच्या कडेला गडद आणि आत विरळ होत जाईल असा, चढवून पुन्हा भाजतात. म्हणून याला जडावाच्या पाठीमागची सजावट न म्हणता चित्रकलाच म्हणणे अधिक योग्य. अत्तरदाण्या, डब्या, दागिने, हत्ती-मोर यांवर हे काम होत असे आणि त्याचे गिऱ्हाईक राजेरजवाडे व रईस घराणी होती.

ते गिऱ्हाईक आटले तेव्हा कलाही आटली. बब्बू सिंह हे जुन्या पिढीतील अखेरचे श्रेष्ठ मीनाकार मानले जातात. त्यांच्या कलेविषयी लिहिणारे राय कृष्णदास हेच १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात सामावलेल्या भारत कला भवनाचे प्रवर्तक. वस्तू जमवणाऱ्याने ती घडवणाऱ्याचे नाव आणि रीत टिपून ठेवावी, हे त्या काळी विरळाच होते. चिनी कुप्यांच्या बाबतीत आतून चित्रे रंगवणारे झोऊ लेयुआन, मा शाओश्वान असे चित्रकार सह्यांमुळे ओळखता येतात, पण बनारसी मीनाकारांपैकी बहुतेक निनावीच राहिले.

बनारसच्या गायघाट परिसरात ही कला पुढे पुन्हा सावरली, २०१५ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन उपाध्यक्षा कमला हॅरिस यांना गुलाबी मीन्याचा बुद्धिबळाचा संच भेट देण्यात आला. नवे काम मुख्यतः चांदीवर होते, पूर्वी ते सोन्यावरही होत असे. त्यामुळे बनारसी नगाची पारख करताना रंगाइतकेच लक्ष उघड्या धातूकडे आणि पांढऱ्या जमिनीच्या कडांकडे द्यावे लागते, कारण मीन्याचा टवका उडालेला असतो तो बहुधा तिथेच.