व्यासपीठावरचा शब्द आणि रस्त्यावरचा दगड

इतिहास सांगण्याचा माझा अधिकार थोडा आहे. नववीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचन झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाजवळ, मोर्चे आणि तडजोडीच्या बैठका यांच्या मधल्या वेळात झाले. तेव्हा पंडिताने करावी तशी मांडणी माझ्याकडून होणार नाही. पण ज्या प्रश्नासाठी मी इतिहासाची पाने उलटली, तो प्रश्न मला पुस्तकाने दिलेला नाही. तो माझ्या स्वतःच्या एका भाषणाने दिला.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला टाळे लागले होते. तीन आठवडे झाले, घरातले डबे रिकामे होऊ लागले. काही कामगार मागच्या दाराने कामावर जाऊ लागले. मी गेट-मीटिंगला उभा राहिलो आणि त्यांतल्या तिघाचौघांची नावे घेऊन म्हणालो, "हे गद्दार आहेत. उद्या आत जाताना दिसले तर यांना यांची जागा दाखवा." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या बसवर दगड आला. आत बसलेल्या एका टर्नरचा डोळा गेला. दगड मारणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, शिकाऊ कामगार. त्याच्यावर खटला झाला, नोकरीही गेली. मी त्या वेळी घरी चहा घेत होतो.

मी दगड मारला नव्हता, आणि कायद्याने मला कोणी हात लावला नाही. तरीही माझे वाक्य आणि तो दगड यांच्यामध्ये जे अंतर होते ते किती, हा प्रश्न मनातून जाईना. म्हणून मी आपल्याच प्रांतातल्या लोकलढ्यांकडे पुन्हा पाहू लागलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

१९५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील मुंबई डोळ्यांसमोर आणावी. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला होता, आणि विदर्भ वगळून मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य करावे अशी त्याची शिफारस होती. पाठोपाठ काँग्रेसच्या कार्यकारिणीने तीन राज्यांची योजना पुढे केली : महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, आणि मुंबई शहर या दोहोंपासून वेगळे. ज्या शहराच्या गिरण्यांत सातारा, रत्नागिरी, नगर, नाशिक या जिल्ह्यांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली, ते शहर आपले नव्हे, असे त्यांना सांगण्यात येत होते. लोकांचा संताप खरा होता आणि त्याला कारणही खरे होते, ही गोष्ट प्रथम मान्य करून पुढे जावे.

२० नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर सभा झाली. वक्ते होते मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष स. का. पाटील. मुंबई महाराष्ट्राला कधीही मिळणार नाही, हाच भाषणांचा आशय होता, आणि तो समजुतीच्या नव्हे, तर हिणवण्याच्या सुरात मांडला गेला. समोरच्या जमावातून आरडाओरडा झाला, चपला आल्या, दगड आले. सभा उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप झाला. विधानसभेचे अधिवेशन चालू होते. गिरणगावातून माणसांचे लोंढे फ्लोरा फाउंटनकडे निघाले होते. अश्रुधूर झाला, लाठी झाली, आणि मग गोळीबार झाला. त्या एका दिवशी १५ माणसे मेली.

या दोन दिवसांत घडले काय ? सत्तेवरच्या माणसाचा शब्द साध्या वक्त्याच्या शब्दापेक्षा जड असतो. साधा वक्ता "कधीच मिळणार नाही" म्हणाला तर ते त्याचे मत ठरते. मुख्यमंत्री तेच म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्यामागे पोलीस दिसतात, आणि आता विनंतीचा दरवाजा बंद झाला असे त्याला वाटते. ज्याला दरवाजा बंद दिसतो त्याच्या हाताला काही ना काही सापडते. चौपाटीवर दगड मारणाऱ्याचे मी समर्थन करीत नाही. त्याच्या दगडाने गोळीबार करणाऱ्यांना निमित्त मिळाले, ही गोष्ट मी कामगारांना नेहमी सांगतो. परंतु दगडाची चौकशी करावयाची आणि शब्दाची करावयाची नाही, हा न्याय अर्धा आहे.

पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि शहर पेटले. आठवडाभर दंगल, संचारबंदी आणि गोळीबार चालू राहिला. या दिवसांबद्दल आपण बोलतो तेव्हा एक गोष्ट सोयीने गाळतो. त्या गर्दीत दुकानेही लुटली गेली, आणि ज्यांचा राज्याच्या सीमेशी काही संबंध नव्हता अशा गुजराती दुकानदारांना केवळ भाषेपायी भीतीत दिवस काढावे लागले. पुढाऱ्यांची भांडणे दिल्लीशी होती. खालच्या माणसाने ती शेजारच्या किराणा दुकानदाराशी केली. व्यासपीठावरून "ते" आणि "आपण" असे दोन ढीग पाडले की असे होते. कारण दिल्ली हाताशी नसते आणि किराणावाला असतो.

केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, हेही त्यांच्या तक्रारीतील एक कलम होते. त्याच वर्षी ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर महागुजरातची मागणी करणारे विद्यार्थी गोळीला बळी पडले. म्हणजे हा मराठी-गुजराती असा प्रश्न नव्हता. दोन्हीकडची पोरे एकाच पद्धतीने मारली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या पूर्वी १०५ सांगत, आज आपण १०६ म्हणतो. फ्लोरा फाउंटनजवळच्या स्मारकापाशी मी जेव्हा जेव्हा उभा राहिलो, तेव्हा तेव्हा हे मनात आले की या यादीत मोठ्या पुढाऱ्याचे नाव नाही. कोणत्याही बाजूच्या नाही.

आता त्याच लढ्यातला दुसरा दिवस पाहू. ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे होते. महाराजांविषयी नेहरूंनी पूर्वी केलेल्या लिखाणाचा राग होता, आणि द्विभाषिक लादल्याचा त्याहून मोठा राग होता. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे दाखविण्याचे ठरविले. आदल्या वर्षीचे रक्त अजून वाळले नव्हते. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ची भाषा काही मवाळ नव्हती. अशा वेळी घाटातल्या अरुंद रस्त्यावर हजारो माणसे, समोरून पंतप्रधानांच्या मोटारी, आणि भोवती पोलीस, असा योग जुळून आला होता. एक दगड पुरला असता.

तो दगड पडला नाही. वाई आणि पसरणी घाट या वाटेवर लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले, घोषणा झाल्या, मोटारी गेल्या, पुतळ्याचे अनावरण झाले, आणि माणसे धडधाकट घरी परतली. याचे श्रेय दोन्ही बाजूंना आहे. समितीच्या बाजूने एस. एम. जोशींनी शांततेची हमी आपल्या अंगावर घेतली आणि ती पाळून दाखविली. सरकारच्या बाजूने मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकांना घाटात उभे राहू दिले. निदर्शकाला आपले म्हणणे दाखविण्यास जागा मिळाली, आणि दाखवून झाल्यावर परत फिरण्यासही वाट राहिली. महाराष्ट्राची भावना काय आहे हे नेहरूंना त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. १ मे १९६० रोजी राज्य झाले. ते १९५७ च्या निवडणुकीतील मतांनी, हुतात्म्यांच्या बलिदानाने आणि घाटातल्या त्या शिस्तीने मिळून झाले. लुटलेल्या दुकानांचा त्यात काही वाटा असल्याचे मला कोठे आढळले नाही.

ही शिस्त आली कोठून, याचा शोध घेताना मी आपल्याच गावी येऊन पोचलो. १९५७ साली समितीच्या पाठिंब्याने नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले ते दादासाहेब गायकवाड. आणि हेच दादासाहेब, तेव्हाचे तरुण भाऊराव, सत्तावीस वर्षांपूर्वी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे आघाडीचे कार्यकर्ते होते.

२ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक मंदिराकडे गेली, तेव्हा दरवाजे बंद होते. हजारो माणसे, शतकांचा अपमान, आणि समोर बंद लाकडी दार. दार फोडणे अवघड नव्हते. मिरवणूक तेथून गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. रात्री पुढारी बसले आणि अहिंसेनेच लढावयाचे असे ठरले. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया अशी पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. हजारो लोक आपली पाळी येण्याची वाट पाहात होते. हे आकडे मी मुद्दाम सांगतो. माणसे मोजली गेली होती, त्यांची नावे लिहिली गेली होती, कोण कोणत्या दारावर बसणार हे ठरले होते. ज्याला आपले काम ठाऊक असते त्याच्या हातात सहसा दगड येत नाही. आमच्या संपांत फसते ते येथेच. आम्ही माणसांना पेटवितो आणि मग त्यांना करावयास काही देत नाही.

त्याच सुमारास तडजोडीसाठी नागरिकांची एक सभा झाली. अध्यक्षस्थानी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी होते. ती सभा दगड आणि जोडे फेकून उधळण्यात आली, आणि फेकणारे सनातनी बाजूचे होते. पुढे ९ एप्रिलला रामाचा रथ दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ओढावा असे ठरले होते. ऐन वेळी तो दुसऱ्या वाटेने पळविण्यात आला. दिलेला शब्द मोडला, आणि मग चकमक झाली, दगडांचा वर्षाव झाला. खुद्द आंबेडकरांनाही जखमा झाल्या. शिस्त पाळली म्हणजे आपल्या डोक्यावर दगड पडत नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्याच गल्ल्यांनी ते खोटे ठरविले आहे. पण एवढे होऊनही सत्याग्रह आपल्या मार्गावरून ढळला नाही. तो १९३५ पर्यंत चालला. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही कोणाचे दार न फोडता. आज नव्वदाहून अधिक वर्षांनी त्या लढ्याकडे बोट दाखवून कोणी त्याला हुल्लड म्हणू शकत नाही. लाज वाटावयाची असेल तर ती दगड मारणाऱ्यांच्या बाजूच्या आम्हा नाशिककरांना वाटावी.

येथे माझे तरुण सहकारी मला अडवितात. ते म्हणतात, "भाऊ, थंड भाषणाला गेटवर माणूस थांबत नाही." त्यांचे खरे आहे. अन्यायाविषयी थंडपणे बोलावे असा माझा आग्रह नाही. पगार किती थकला, अपघातात बोटे कोणाची गेली, हे तापूनच सांगावे. परंतु ताप प्रश्नाला असावा, माणसाच्या नावाला नसावा. समोरच्याला उद्या आपल्याकडे येता येईल एवढी फट वाक्यात ठेवावी. आणि भाषण संपविताना आता काय करावयाचे, कोणी करावयाचे आणि काय करावयाचे नाही, हे स्पष्ट सांगावे. ज्या वक्त्याला हे तिसरे सांगता येत नाही त्याने ध्वनिक्षेपक हातात घेऊ नये. पूर्वी निदान सभा झाल्यावर माणूस घरी जाऊन झोपे आणि सकाळी थोडा निवळे. आज तेच वाक्य मोबाइलवरून मध्यरात्रीही त्याच्या उशाशी येते. त्यामुळे बोलणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे.

हे आजही साधते, हे आपण पाहिले आहे. ६ मार्च २०१८ ला आपल्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. वनहक्क आणि कर्जमाफी मागणारे हजारो शेतकरी आणि आदिवासी स्त्रीपुरुष सुमारे १८० किलोमीटर चालले. अनेकांच्या पायांना फोड आले होते. मुंबईच्या वेशीवर पोचल्यावर, सकाळी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून ते रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. मुंबईकर पाणी आणि खाणे घेऊन रस्त्यावर आले. १२ मार्चला सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. पुढे अंमलबजावणीसाठी पुन्हा झगडावे लागले, हे वेगळे. पण त्या रात्री त्या थकलेल्या पायांनी शहराला आपल्या बाजूला वळविले.

शेवटी तो टर्नर. त्याचे घर माझ्या घरापासून दोनच गल्ल्या पलीकडे. पुष्कळ वर्षे मी ती गल्ली टाळली. मग एकदा गेलो. त्याने बसावयास पाट दिला, चहा दिला, आणि म्हणाला, "भाऊ, दगड तुम्ही मारला नाही हे मला ठाऊक आहे. पण माझं नाव कोणी घेतलं होतं ?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तेव्हापासून गेटवर उभा राहिलो की मी कोणाचे नाव घेत नाही. आपल्यापैकी जे उद्या कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही झेंड्याखालच्या व्यासपीठावर चढतील, त्यांनी चढण्यापूर्वी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.