दुसऱ्या डोसची कुळकथा

भातझोडणी आटोपली की आशागड गावाच्या आसपासची कित्येक वारली कुटुंबं ‘जगायला’ निघतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडी-वसईकडे नाहीतर गुजरातेत. कडेवरच्या बाळाला पेंटाचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला अशा पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा, सहाव्या आठवड्याचा पहिला डोस मिळालेला असतो, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे चुकतात. याला अडाणीपणा म्हणू नये. पोट थांबत नाही. आणि ‘एकदा टोचलं की झालं’ हा समज तर मोठ्या शहाण्यांचा आहे.

तो आला देवीच्या लशीबरोबर. बगदाद-बसऱ्यामार्गे, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत ती लस मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. भारतातली ती पहिली. एकदा देवी काढल्या की जन्मभर निश्चिंत, असं ती लस शोधणाऱ्या खुद्द जेन्नरचं म्हणणं होतं. पण लहानपणी टोचलेल्यांनाही मोठेपणी देवी येऊ लागल्या. प्रशियाने १८३४ मध्ये सैनिकांना पुन्हा टोचणं सक्तीचं केलं. पुन्हा टोचल्याने आत नेमकं काय होतं, हे मात्र कोडंच होतं.

ते सुटू लागलं १९२१ मध्ये, घटसर्पावर काम करणाऱ्या ॲलेक्झांडर ग्लेनीमुळे. पहिल्या खेपेला प्राण्यांच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं सावकाश आणि बेताची येत. काही आठवड्यांनी पुन्हा टोचलं की झपाट्याने आणि कितीतरी पट. जेन्नरचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं, ग्लेनीचं डॉक्टरांनाही क्वचितच. हा अन्याय आहे.

मधल्या आठवड्यांत शरीर स्वस्थ बसत नाही. लसिकाग्रंथींमध्ये पेशींची निवड चालते. जंतूचा अंश घट्ट धरणाऱ्या टिकतात, बाकीच्या मरतात. टिकलेल्यांतल्या काही स्मृतिपेशी होऊन राहतात आणि पुढच्या डोसला त्याच झडझडून उठतात. या निवडीला वेळ लागतो, म्हणून पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत. पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या-सहाव्या वर्षी बूस्टर असतो, तो याच स्मृतीला उजाळा देण्यासाठी.

डोस लांबला तर ही स्मृती पुसली जात नाही. पण तोवर डांग्या खोकल्यापुढे, घटसर्पापुढे बाळ अर्धवटच सुरक्षित असतं. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले डोस तेवढे घ्यायचे. तेव्हा भट्टीवर निघताना लसीकरणाचं कार्ड गाठोड्यात असू द्या. तिथल्या सरकारी दवाखान्यातही हे डोस फुकट मिळतात.