यंत्राची लेखणी आणि लेखकाची सही

यंत्राकडून लिहवून घेतलेली कथा वा कविता आपल्या नांवावर प्रसिद्ध करणें न्याय्य आहे कीं नाहीं, हा वाद सांप्रत सर्वत्र चालू आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत 'चॅटजीपीटी' लोकांच्या हातीं आल्यापासून तो घरोघर पोहोंचला, आणि त्यामुळें हा प्रश्न अगदीं कालपरवांचा आहे अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. वस्तुतः यंत्राकरवीं वाङ्मय रचण्याच्या खटपटीस पावणेदोनशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं आहेत. त्या खटपटींचा इतिहास पाहिला असतां नीतीचा खरा प्रश्न यंत्र वापरण्यापाशीं नसून सहीपाशीं आहे, असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांतील ब्रिजवॉटर येथील जॉन क्लार्क नांवाच्या गृहस्थानें सुमारें १५ वर्षें खपून लॅटिन पद्य रचणारें 'युरेका' नांवाचें यंत्र सिद्ध केलें, आणि १८४५ सालीं तें लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्यें लोकांस दाखविलें. एक शिलिंग देऊन आंत जावें आणि यंत्राच्या तोंडावरील चौकटींत एक एक अक्षर येऊन सहा शब्दांची ओळ सजतांना पाहावी, असा तो प्रकार होता. विशेषण, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद, नाम, विशेषण हा क्रम ठरलेला. कोणताही शब्द आला तरी व्याकरण व वृत्त मोडूं नये, अशी निवड क्लार्कनें आधींच करून ठेविली होती. अर्थ मात्र दैवाधीन! तथापि ह्यांत फसवणूक कसलीच नव्हती. ओळ यंत्राची आहे हें पाहावयासच लोक पैसे देत होते.

पुढें १९५२ सालीं मँचेस्टर विद्यापीठांतील गणकयंत्राकडून ख्रिस्तोफर स्ट्रॅची ह्यानें प्रेमपत्रें लिहविलीं. प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रॅची ह्याचा हा पुतण्या. त्यानें रॉजेच्या पर्यायकोशांतून शब्द वेंचले, वाक्यांचे मोजके सांचे ठरविले, आणि कोठें कोणता शब्द पडावा हें यदृच्छेनें निघणाऱ्या अंकांवर सोंपविलें. आर्जवानें ओथंबलेल्या त्या पत्रांच्या शेवटीं 'एम. यू. सी.' अशी सही असे. म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर. प्रेम खोटें होतें, पण सही खरी होती. आमच्या मतें ह्या सर्व इतिहासांत ही गोष्ट सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१९८४ मध्यें अमेरिकेंत ह्याच्या उलट प्रकार घडला. 'रॅक्टर' नामक योजनेनें लिहिलेलें, म्हणजे संगणकानें रचलेलें पहिलेंच पुस्तक, अशा गाजावाजानें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. मागाहून जाणत्यांनीं ती योजना तपासली, तेव्हां त्यांतील वाक्यांच्या घडणींत माणसाचा हात बराच असला पाहिजे, असें दिसून आलें. श्रम माणसाचे आणि श्रेय यंत्रास! सही खोटी ठरावयास यंत्रानेंच लिहिलें पाहिजे असें नाहीं, हें त्यावरून ध्यानांत येईल.

सहीचें हें महत्त्व मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. संत आपल्या अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा घालीत, ती केवळ शोभेकरितां नव्हे; हा अनुभव कोणाचा, ह्याची ती ग्वाही असे. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि पुढें कोणींही तींत आपली ओंवी घालूं नये असें निक्षून सांगितलें. मध्यें ओंव्या घालणारे सर्वच दुष्ट असतील असें नाहीं. पण आपले शब्द त्यांनीं दुसऱ्याच्या नांवाखालीं दडविले. आजचा लेखक परके शब्द आपल्या नांवाखालीं दडवितो. दिशा उलटी असली तरी दोष एकच.

आजच्या यंत्राबाबत आणखी एक भेद आहे. क्लार्कच्या यंत्रांतील शब्द त्याचे त्यानें भरले होते. आजचें यंत्र असंख्य लेखकांच्या लिखाणावर पोसलेलें आहे. ह्याच कारणास्तव अमेरिकेंत लेखकांनीं फिर्यादी केल्या. त्यांपैकीं अँथ्रॉपिक कंपनीवरील खटल्यांत, रीतसर विकत घेतलेल्या पुस्तकांवरून यंत्रास शिकविणें कायद्यास धरून आहे, परंतु चोरट्या प्रतींचा संग्रह करणें तसें नव्हे, असा निवाडा २०२५ मध्यें झाला. आणि त्याच वर्षीं १.५ अब्ज डॉलरची तडजोड ठरली. तत्पूर्वीं २०२३ सालीं हॉलिवुडच्या पटकथालेखकांनीं १४८ दिवस संप केला. त्याच्या अखेरीस झालेल्या करारांत, यंत्रास लेखकपद मिळणार नाहीं आणि लेखकाच्या हातीं यंत्राचा मजकूर दिल्यास तसें त्यास सांगितलें पाहिजे, अशीं कलमें आलीं.

कोणी म्हणेल, वाचकास आनंद झाला कीं पुरे. लेखणी कोणाची, ह्याची चौकशी कशास? मिठाईच्या बाबतींत हें कदाचित् चालेल, वाङ्मयाच्या बाबतींत चालणार नाहीं. पुत्रशोकाची कविता वाचतांना आपण सद्गदित होतों, तें हें दुःख कोणी तरी भोगलें अथवा निदान कल्पनेनें सोसलें आहे, ह्या विश्वासावर. तो विश्वास एकदां उडाला म्हणजे खऱ्या शोकावरही वाचक संशय घेऊं लागेल, आणि ती हानि प्रामाणिक लेखकासच भोगावी लागेल.

म्हणून यंत्रास बहिष्कार घालावा असें आम्ही म्हणत नाहीं. २०२४ च्या जानेवारींत जपानचें अकुतागावा पारितोषिक मिळविणाऱ्या लेखिका रिए कुदान ह्यांनीं आपल्या कादंबरीचा सुमारें ५ टक्के भाग यंत्राच्या शब्दांत असल्याचें स्वतःच सांगितलें. त्यावर टीका पुष्कळ झाली. परंतु त्यांनीं सांगितलें म्हणूनच टीका करणें शक्य झालें, हें टीकाकारांनीं विसरूं नये. यंत्राचें साहाय्य किती घेतलें हें ज्यानें त्यानें पुस्तकाच्या आरंभींच नमूद करावें, आणि त्याउपर वाचकांनीं त्या कृतीची किंमत आपल्या मनाप्रमाणें करावी. स्ट्रॅचीच्या यंत्रानें खोट्या प्रेमपत्राखालीं खरी सही केली होती. लेखक म्हणविणाऱ्या माणसाकडून त्याहून कमी अपेक्षा कशी करावी?