अंतर नेमकं कोणापासून? प्लेग, पिसू आणि एक समीकरण

२०२० मध्ये आमच्या सिद्धेश्वरला, म्हणजे पूर्णेवरच्या धरणाच्या गावाला, ‘फिजिकल डिस्टन्सिंग’ हा शब्द टीव्हीवरून आला. गोष्ट मात्र जुनी. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चाच, मुंबईच्या प्लेगमधून आलेला. आणि तेव्हा सगळे ज्या एसआयआर मॉडेलचे आलेख काढत होते, त्या मॉडेलची पहिली गाजलेली परीक्षासुद्धा मुंबईच्या प्लेगवरच झाली. पीएचडीला यायच्या आधी हे प्रकरण तुम्ही नीट बघाच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारचं उत्तर सरळ होतं, माणसापासून माणूस तोडा. रुग्ण दवाखान्यात, घरचे लोक सेग्रिगेशन कॅम्पात, प्रवासी स्टेशनवर तपासणीला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने त्यासाठी गोरे सोल्जर घराघरांत घातले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेतच वाचतो. त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता प्लेगनेच गेल्या होत्या.

खेड्यांत लोक वेगळंच करायचे. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव मोकळं करायचं, शेतात झोपड्या घालायच्या, साथ ओसरली की परत. म्हणजे अंतर माणसापासून कमी आणि घरापासून जास्त. साहेबाच्या लेखी ही घबराट असेल, पण १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्रयोग करून सांगितलं की रोग उंदरावरची पिसू नेते. बरीच वर्षं त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग १९०५ पासून प्लेग कमिशनने मुंबईत जे प्रयोग केले ते मला फार आवडतात, कारण उपकरण म्हणजे फक्त पिंजरा आणि जाळी. प्लेग झालेल्या रिकाम्या घरांत गिनीपिग ठेवले. काही उघडे, काही पिसू आत शिरणार नाही अशा बारीक जाळीत, काही जमिनीपासून उंच टांगून. उघड्यांना प्लेग झाला, जाळीतले वाचले. पिसूची उडी काही इंचांचीच, त्यामुळे पुरेसे उंच टांगलेलेही वाचले. घरात माणूस नव्हताच! गाठीच्या प्लेगात जे अंतर कामाचं होतं ते हे, जमिनीपासून वीतभर-हातभर. (फुफ्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो, तिथे माणसापासूनचं अंतर लागतंच. पण मुंबईतली साथ मुख्यतः गाठीची होती.)

आता समीकरणाकडे. १९२७ मध्ये करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ चे मुंबईतले आठवडावार प्लेगमृत्यू घेतले आणि त्यांवर वक्र बसवला. शिखर सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यू. ठिपके वक्रावर इतके छान बसतात की बघणारा खूश होतो. मॉडेल म्हणतं, रोग होऊ शकेल असे लोक कमी होत गेले म्हणून साथ उतरली.

तुम्ही एक बेरीज करा. त्या वक्राखालचं क्षेत्रफळ येतं जवळपास ८,९००. शहराची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास. लागण झालेल्यांतले बहुतेक दगावत होते असं धरलं, तर लागण झाली शंभरात एकाला. मग ‘माणसं संपत आली म्हणून साथ उतरली’ हे कसं? आणि पुढच्या वर्षी प्लेग परत आला, तो कसा? २०१२ मध्ये निकोला बाकाएर यांनी हेच प्रकरण पुन्हा उघडलं आणि उंदीर, पिसवा व ऋतुमान धरून मॉडेल मांडलं. उन्हाळा कडक झाला की पिसवा टिकत नाहीत. साथ तिथे उतरते.

करमॅक-मॅकेंड्रिक यांना हे अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. प्लेग आधी उंदरांचा रोग आहे, हे त्यांनी त्याच पेपरात लिहिलंय. आपण आकृती तेवढी उचलली आणि तो परिच्छेद सोडला. गोष्ट छोटी नाही, कारण मॉडेलमधला संपर्काचा आकडा कोणत्या संपर्काचा, यावर कॅम्प उभे राहतात. कोविडमध्ये रोग खरंच माणसाच्या श्वासातून माणसाकडे जात होता, म्हणून लांब उभं राहिलं की तो आकडा खाली यायचा. १८९७ च्या पुण्यात कॅम्प कितीही कडक केला असता, तरी घरातल्या उंदराला त्याची खबर नव्हती.