गैब, शब्द आणि अर्थनिर्णय : ख्रिस्ती दृष्टीतून बायबल व कुराण

कोल्हापूरहून निपाणीकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेल्या कागल या गावी गैबी पिराचे स्थान आहे. त्यालाच गहिनीनाथ असेही म्हणतात, आणि तेथील उरुसात हिंदू व मुसलमान सारख्याच श्रद्धेने सहभागी होतात. एकाच स्थानास नाथपंथातील नाव आणि अरबी मुळाचे नाव अशी दोन नावे लाभली, तरी भाविकास त्यात काही विसंगती जाणवत नाही. लोकश्रद्धेला नवस, नैवेद्य आणि परंपरा पुरते; तिला ग्रंथाधाराची गरज भासत नाही. परंतु जेथे श्रद्धेचा आधार लिखित वचन हा असतो, तेथे दोन नावांचा असा सहज मेळ बसत नाही. तेथे प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो, आणि तो कोणी व कोणत्या नियमांनी ठरवावा, हा प्रश्न उभा राहतो.

‘गैबी’ हा शब्दच या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या मुळाशी असलेला अरबी ‘गैब’ म्हणजे अदृष्ट, इंद्रियांना अगोचर असे जे काही ते. मराठीतील ‘गायब’ हा शब्दही याच धातूपासून आलेला आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच श्रद्धावंतांचे पहिले लक्षण म्हणून गैबावरील विश्वासाचा उल्लेख येतो. बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातही विश्वासाची व्याख्या अदृष्ट गोष्टींच्याच संदर्भात केलेली आहे. ही दोन स्थळे शेजारी ठेवून वाचणाऱ्या ख्रिस्ती अभ्यासकास दोहोंचा आशय एकच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तबरी (मृत्यू 923) यांच्यासारखे भाष्यकार गैबाचे विवरण करताना स्वर्ग, नरक, पुनरुत्थान इत्यादी ईश्वराने कळविलेल्या, पण मानवी ज्ञानाच्या पलीकडील गोष्टींचा निर्देश करतात. उलट इब्री पत्रात त्या व्याख्येमागोमाग हाबेलापासूनच्या विश्वासू पुरुषांची परंपरा सांगितली जाते आणि तिचे पर्यवसान बाराव्या अध्यायाच्या आरंभी येशूच्या ठायी होते. सारांश, कल्पना जवळच्या असल्या तरी त्या ज्या रचनेत बसविलेल्या आहेत ती रचना भिन्न आहे.

या भिन्नतेचे मूळ दोन्ही धर्मांतील प्रकटीकरणाच्या संकल्पनेत आहे. ख्रिस्ती धर्मविचारानुसार ईश्वराचे परिपूर्ण प्रकटीकरण येशू ख्रिस्त या व्यक्तीच्या ठायी झाले. बायबल हे त्या प्रकटीकरणाची प्रेरित साक्ष होय. म्हणूनच एका ख्रिस्ताची चार शुभवर्तमाने असण्यात चर्चला विरोध दिसला नाही. इस्लामी विचारात मात्र कुराण ही प्रेषिताची साक्ष नव्हे, तर अरबी भाषेत अवतीर्ण झालेली प्रत्यक्ष ईश्वरवाणी होय. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात काही काळ अध्यापन केलेले विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1957 मध्ये या दृष्टीने असे प्रतिपादन केले की, इस्लाममधील कुराणाचे स्थान ख्रिस्ती धर्मातील बायबलच्या नव्हे, तर ख्रिस्ताच्या स्थानाशी ताडून पाहिले पाहिजे. हे मान्य केले की ग्रंथाला ग्रंथ जोडून केलेल्या पुष्कळ तुलना निराधार ठरतात.

मराठीतील भाषांतरांचा इतिहास या भेदाची साक्ष देतो. थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. त्यात बायबलमधील कथा पुराणाच्या घाटात आली, म्हणजे अर्थनिर्णयाबरोबर वाङ्मयप्रकारही बदलला. पुढे 1811 मध्ये श्रीरामपूर येथून नवा करार मराठीत प्रसिद्ध झाला, 1847 मध्ये अमेरिकन मिशनने संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाले. 1852 मध्ये कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी मिशनचे कार्य आरंभिले. अशा मिशनांतून उदयास आलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाने मराठी बायबल हे बायबल म्हणूनच वाचले. उपासनेत त्यास मूळ ग्रंथाहून उणे लेखले नाही.

याच परिसरात कुराणाच्या मराठी भाषांतरासही आश्रय मिळाला. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या आणि 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी या कार्यास द्रव्यसाहाय्य दिले. मराठी बोलणाऱ्या मुसलमानास आपला धर्मग्रंथ समजावा, हा त्यामागील हेतू उदार व लोकहिताचा होता. तथापि इस्लामी शास्त्रदृष्ट्या भाषांतर हे कुराण नसून कुराणाच्या अर्थाचे विवरण असते. नमाजात अरबी पाठच म्हटला जातो. ख्रिस्ती निरीक्षकास यात पुष्कळदा केवळ भाषेचा दुराग्रह दिसतो. वस्तुतः तो प्रकटीकरणाच्या संकल्पनेचाच परिणाम होय.

‘शब्द’ या संज्ञेच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गंभीर रूप घेतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी येणाऱ्या ‘लोगॉस’ या ग्रीक पदासाठी मराठी बायबलात ‘शब्द’ हे पद रूढ झाले. कुराणातही (3:45 व 4:171) ईसाचा निर्देश ईश्वराकडील ‘कलिमा’, म्हणजे शब्द, असा केलेला आहे. आठव्या शतकातील योहान दमस्की यांच्यापासून ख्रिस्ती वादपटूंनी या उल्लेखावरून ख्रिस्ताचे ईश्वरत्व सिद्ध करण्याचा यत्न केला. मुसलमान भाष्यकार मात्र कलिमा म्हणजे ‘हो’ ही ईश्वराची आज्ञा, जिच्यायोगे ईसाचा जन्म पित्यावाचून झाला, असा अर्थ लावतात आणि त्यास आदमाशी तुलना करणाऱ्या वचनाचा (3:59) आधार देतात. शिवाय 4:171 या वचनातच त्रित्वाचा निषेध आहे. तेव्हा वचनातील एक पद उचलून त्याच वचनाच्या निष्कर्षाविरुद्ध वापरणे हे अर्थनिर्णयाच्या कोणत्याही शास्त्रात बसत नाही. इब्री शास्त्रातील उतारे असे संदर्भावाचून वापरलेले ख्रिस्ती पंडितासही मान्य होत नाहीत.

अशा वादपद्धतीची मर्यादा 1854 मध्ये आग्रा येथे उघड झाली. तेथील जाहीर वादात कार्ल फांडर यांच्यासमोर रहमतुल्ला कैरानवी आणि डॉ. वजीर खान यांनी युरोपातील बायबल-समीक्षेचेच ग्रंथ पुढे केले, आणि हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे फांडर यांना मान्य करावे लागले. साक्ष अनेक मुखांनी येते असे मानणाऱ्या श्रद्धेस पाठभेदाने बाध येत नाही. परंतु बायबलसाठी कुराणासारख्या अक्षरशः अवतीर्ण ग्रंथाचा दर्जा गृहीत धरून वाद मांडल्यावर ते उत्तर देता येईना. दोन्ही पक्षांनी दुसऱ्याचा ग्रंथ आपल्याच मापाने मोजला होता. याउलट सर सय्यद अहमद खान यांनी 1862 पासून प्रसिद्ध केलेल्या बायबलवरील भाष्यात ख्रिस्ती विद्वानांच्या संशोधनाचा उपयोग केला आणि आपली इस्लामी भूमिकाही सोडली नाही. ख्रिस्ती अभ्यासकास कुराणाच्या बाबतीत हाच मार्ग अनुसरणीय आहे.

ख्रिस्ताविषयीची आपली श्रद्धा बाजूस ठेवून कुराण वाचावे असा याचा अर्थ नव्हे. ती श्रद्धा हा वाचकाचा दृष्टिकोन असू शकतो, ग्रंथाचा अर्थ नव्हे. कुराणातील वचनाचा अर्थ प्रथम कुराणाच्या अंतर्गत संदर्भातून व त्याच्या भाष्यपरंपरेतून निश्चित करावा, आणि त्यानंतरच सहमती किंवा मतभेद स्पष्ट शब्दांत नोंदवावा. मराठीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे, कारण ‘शब्द’, ‘विश्वास’, ‘प्रेषित’ ही पदे दोन्ही समाज सारखीच वापरतात आणि शब्दकोशातील समानार्थास श्रद्धेतील समानार्थ समजण्याचा मोह होतो. कागलच्या उरुसात दोन नावे एकत्र नांदतात, कारण तेथे कोणी दुसऱ्याच्या नावाचा अर्थ आपल्या सोयीने बदलू पाहत नाही. धर्मग्रंथांच्या अभ्यासकाने निदान इतका संयम पाळणे अगत्याचे आहे.