सौर जलतापकातील प्रवाहदर
सौर जलतापकातील प्रवाहदर : सपाट संग्राहकाच्या दर चौ. मी. क्षेत्रातून एकक काळात वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण. संग्राहकाची कार्यक्षमता आणि मिळणाऱ्या पाण्याचे तापमान या दोन्हींवर त्याचा परिणाम होतो.

प्रवाह मंद असल्यास पाणी अधिक तापते. पण शोषक पत्राही तापल्याने हवेत उष्णता जास्त निसटते. प्रवाह वाढविल्यास पत्रा थंड राहतो व एकूण उष्णता अधिक मिळते. मात्र ठरावीक मर्यादेनंतर हा लाभ नगण्य होतो, तर पंपाला लागणारी वीज झपाट्याने वाढते.

प्रखर उन्हात दर चौ. मी.वर सुमारे १,००० वॉट प्रारण पडते. त्यातील निम्मी उष्णता पाण्यात उतरली, तर ताशी ६० लिटर प्रवाहात तापमानवाढ सुमारे ७° से. होते. पंपाच्या नेहमीच्या संचांत दर चौ. मी.ला ताशी ५० ते ७० लिटर प्रवाह ठेवतात. ताशी १० ते २० लिटरच्या मंद प्रवाहपद्धतीत टाकीत गरम पाणी वर व थंड पाणी खाली असे थर टिकतात. त्यामुळे संग्राहकाकडे थंड पाणी परतते आणि त्याच्या कार्यक्षमतेतील घट बरीच भरून निघते.

भारतातील घरगुती संचांत बहुधा पंप नसतो. टाकी संग्राहकापेक्षा उंच असल्याने तापलेले, हलके पाणी आपोआप वर चढते. ऊन वाढले की प्रवाहही वाढतो. अशा संचांत रुंद नळ्या, मोजकी वळणे आणि क्षार साचू न देणे महत्त्वाचे ठरते.